पथ्यपत्रकातील तांबे : सेनगाव येथील एका कागदाविषयी

मराठवाड्याच्या इतिहासाचा अभ्यासक ताम्रपटांच्या शोधात गावोगाव हिंडतो. प्रस्तुत लेखातही तांबे आहे, पण ताम्रपट नाही. येथे विचारात घेतलेले साधन म्हणजे अर्ध्या पानाचा एक कागद. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव येथे माझ्या आत्याच्या घरी देवघराच्या कोनाड्यात, पंचांगाखाली घडी करून ठेवलेला तो मी पाहिला. तिच्या घरी मोती नावाचा पामेरियन जातीचा लहानसा कुत्रा आहे. वजन जेमतेम साडेपाच किलो, वय आठ वर्षांचे. गतवर्षी त्याने अन्न टाकले, पिवळी ओकारी सुरू झाली आणि अधूनमधून तो भिंतीला डोके टेकून तासन् तास उभा राहू लागला. रक्ततपासणीत व सोनोग्राफीत यकृत बिघडल्याचे दिसले. परभणीच्या पशुवैद्यांनी औषध दिले आणि पथ्य मराठीत लिहून दिले. तोच हा कागद. यकृताचा तुकडा काढून तपासलेला नाही. त्यासाठी कुत्र्याला भूल द्यावी लागली असती व त्यास घरातून संमती मिळाली नाही. तेव्हा निदान बरेचसे अनुमानाचे आहे, ही गोष्ट आरंभीच नमूद केली पाहिजे.

कागदावरील मजकूर थोडा आहे. दिवसातून चार वेळा थोडे थोडे खावयास द्यावे. मऊ भात, घरी केलेले पनीर, उकडलेले अंडे चालेल. मटण तूर्त नको. कलेजी कधीच नको. लॅक्ट्युलोजचे पातळ औषध दोन वेळा. जस्ताची गोळी जेवणापूर्वी तासभर. ई जीवनसत्त्व. हळदीच्या गोळ्या देऊ नयेत. आणि शेवटी, खाली रेघ मारून : तांब्या-पितळेच्या भांड्यातले दूध, ताक, पाणी देऊ नये.

हे सर्व एका हाताने, एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेले आहे. परंतु तेर किंवा पैठण येथील उत्खननाच्या खड्ड्यात जसे वेगवेगळ्या शतकांचे थर एकमेकांवर बसलेले आढळतात, तशी या कागदातील वाक्ये निरनिराळ्या काळांतील आहेत. ती लिहिणाऱ्यास हे ठाऊक असण्याचे कारण नाही आणि रोग्यास तर नाहीच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ते थर सोडवून पाहावेत, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

सर्वांत जुना थर मांसबंदीचा. १८७७ साली रशियात निकोलाय एक या शल्यचिकित्सकाने आठ कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. आतड्यांतून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर त्याने हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेस जोडली आणि रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाईल अशी व्यवस्था केली. बहुतेक कुत्री लवकरच मेली. एक अडीच महिने जगले व पुढे प्रयोगशाळेतून पळून गेले. विज्ञानाच्या इतिहासात पळून गेलेल्या साक्षीदारांची संख्या फार नाही; हा त्यांपैकी एक. पुढे १८९३ साली पावलोव्ह, नेन्सकी, हान व मासेन यांनी हीच शस्त्रक्रिया अधिक कुशलतेने केली. अशी कुत्री मांस खाऊ लागताच झिंगल्यासारखी होत, आंधळ्यागत चालत, त्यांना झटके येत. दूधभाकरीसारख्या अन्नावर मात्र ती बरीच निभावत. ‘मांसाची विषबाधा’ हे नाव तेव्हा रूढ झाले. मांस पचताना निर्माण होणारा अमोनिया यकृत निष्प्रभ करते. रक्त यकृताला टाळून गेल्यास तो मेंदूपर्यंत पोहोचतो, हा त्याचा अर्थ पुढे स्पष्ट होत गेला.

एकने सुरीने जे केले ते काही कुत्र्यांत जन्मतःच असते. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज अशा लहान जातींत यकृताला वळसा घालणारी जन्मजात शीर विशेष आढळते. मोतीचे भिंतीला डोके टेकणे वैद्यांना अर्थपूर्ण वाटले ते यामुळेच. परंतु १८९३ चा धडा पुढे गरजेपेक्षा अधिक गिरवला गेला. यकृताचा कोणताही विकार म्हटला की प्रथिने तोडावयाची, असा प्रघात पडला आणि अनेक रोगी, माणसे व कुत्री दोन्ही, यकृताऐवजी उपासमारीने खंगले. आज मेंदूवर परिणाम दिसत नसेल तर प्रथिने कमी करू नयेत, आणि दिसत असेल तर प्रथम त्यांचा प्रकार बदलावा, असे मानले जाते. २००९ साली जन्मजात वळणशीर असलेल्या कुत्र्यांवर सोयाबीनच्या व कोंबडीच्या प्रथिनांची तुलना झाली, तीत सोयाबीनच्या आहारावर रक्तातील अमोनिया कमी आढळला. कागदावरील पनीर या दुरुस्तीचे चिन्ह आहे. लॅक्ट्युलोज १९६६ नंतर माणसांच्या यकृतोपचारांतून आले. ते आतड्यातील अमोनियास तेथेच अडकवून मलावाटे बाहेर काढते. येथे एक गोष्ट सहज नजरेस येते. सेनगावच्या वाड्यावस्तीवरील कुत्रे ज्वारीची भाकरी आणि ताक यांवर वाढत आले आहे. पावलोव्हच्या कुत्र्यांना जो आहार प्रयोगाअंती मिळाला तो आमच्याकडील कुत्र्यांना दारिद्र्याने आधीच मिळत होता. यास शहाणपण म्हणण्याचे कारण नाही.

तुपाबद्दल कागदात काहीच नाही, आणि आत्याची पहिली शंका तीच होती. कुत्र्याला तूप पचत नाही ही समजूत सार्वत्रिक आहे. तिच्या उलट, याच जिल्ह्यातील नरसी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते त्या नामदेवांची कथा घरोघर सांगितली जाते : कुत्र्याने कोरडी भाकर पळविली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. वैद्यकाचा कौल या बाबतीत नामदेवांकडे झुकणारा आहे. पित्ताचा मार्ग तुंबलेला नसेल व स्वादुपिंडाची तक्रार नसेल तर यकृतविकार असलेल्या कुत्र्यास बेताची चरबी सोसते, किंबहुना वजन टिकण्यास ती लागते.

कलेजीची गोष्ट वेगळी. मोती आजारी पडताच एका हितचिंतकाने सुचविले की यकृत बिघडले तर यकृतच खावयास घाला. आठ दिवस बोकडाची कलेजी देण्यात आली आणि कुत्रा अधिकच खालावला. या सल्ल्यामागेही एक प्रतिष्ठित इतिहास आहे. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी १९२० च्या दशकात कुत्र्यांचे रक्त वारंवार काढून त्यांना पांडुरोगी केले आणि कोणत्या अन्नाने रक्त लवकर भरून येते ते पाहिले. यकृत सर्वांत गुणकारी ठरले. त्या आधारे मायनट व मर्फी यांनी १९२६ साली माणसांतील घातक पांडुरोगावर यकृताचा आहार यशस्वी केला आणि १९३४ चे नोबेल पारितोषिक व्हिपल, मायनट व मर्फी यांस मिळाले. यकृताच्या अर्काची इंजेक्शने आमच्या लहानपणी दवाखान्यांत सर्रास टोचली जात. मूळ शोध रक्ताविषयी होता, यकृताच्या विकाराविषयी नव्हता. हा भेद प्रवासात कोठेतरी गळून पडला. शिवाय प्राणी आपल्या शरीरातील तांब्याचा साठा यकृतातच करतो, त्यामुळे कलेजी हे तांब्याने अतिशय समृद्ध अन्न होय. येथून आपण कागदावरील रेघ मारलेल्या वाक्याकडे येतो.

तांबे हे शरीरास अल्प प्रमाणात आवश्यक असते व जास्त झालेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. ही वाट अडली की ते यकृतात साचते आणि पेशी जाळते. निरोगी माणसाच्या यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. कुत्र्याच्या यकृतात ते मुळातच अधिक, सुमारे ४०० पर्यंत असू शकते. १९७५ साली मिनेसोटा येथे हार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडलिंग्टन टेरियर या लहानखुऱ्या इंग्रजी जातीच्या कुत्र्यांतील यकृतदाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. या कुत्र्यांच्या यकृतांत तांबे हजारांच्या घरात होते. विकार आनुवंशिक निघाला व २००२ साली त्यास कारण असलेले जनुक हॉलंडमध्ये सापडले. कुत्र्याच्या यकृतविकारात तांब्याचा विचार केला पाहिजे, हा दंडक या शोधापासून सुरू झाला. १९९७ नंतर अमेरिकेतील तयार श्वानखाद्यांत तांब्याचा अधिक सहज शोषला जाणारा प्रकार वापरला जाऊ लागला व त्यानंतर लॅब्रॅडॉरसारख्या जातींतही असे यकृतदाह वाढले काय, याचा वाद अद्याप चालू आहे.

परंतु परभणीच्या वैद्यांनी तयार खाद्याबद्दल काही लिहिले नाही. त्यांनी भांड्याबद्दल लिहिले. भांड्याचा हा प्रश्न मिनेसोटाचा नव्हे. तो पुण्याचा आहे, आणि कुत्र्यांच्या नव्हे तर मुलांच्या संदर्भातील आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतात लहान मुलांचा एक यकृतविकार नोंदला जात होता. १८८७ साली कलकत्त्यास सेन यांनी त्याचे वर्णन केले. सहा महिने ते पाच वर्षे या वयात मूल चिडचिडे होते, पोट फुगते, यकृत दगडासारखे कठीण लागते, पुढे कावीळ होते व बहुधा काही महिन्यांत मूल दगावते. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुले जात. आपल्याकडे बायाबापड्या त्यास ‘लिव्हर’ म्हणत. ‘बाळाला लिव्हर झाला’ एवढे वाक्य पुरे असे. शापापासून पोषणाच्या अभावापर्यंत सर्व कारणे सुचविली गेली. १९७८ साली अशा यकृतांच्या काचपट्ट्यांवर ऑर्सीन या रंगाने उठून दिसणारे कण आढळले आणि १९७९ साली स्टुअर्ट टॅनर, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व इतर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की या मुलांच्या यकृतांत तांबे प्रचंड प्रमाणात साचलेले असते. तांबे येते कोठून, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी मुलाला काय पाजले एवढेच विचारले नाही. दूध कशात तापविले व कशात ठेवले हेही विचारले. १९८३ साली निष्कर्ष पुढे आला. या मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले होते. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे ओढून घेऊन धरून ठेवते, हे नंतरच्या प्रयोगांत दिसले. डॉ. शीला भावे, पंडित व टॅनर यांनी पुणे परिसरात या मुलांच्या दूधपाण्याचा इतिहास तपशीलवार गोळा केला. १९८७ साली पेनिसिलामाइन या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने वेळेवर आलेली काही मुले वाचू शकतात हे सिद्ध झाले, आणि १९९२ साली भांडी बदलून रोग टाळता येतो, याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आज हा रोग भारतातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

या उपपत्तीला विरोधही झाला, आणि तो निरर्थक नव्हता. तशाच भांड्यातले दूध पिऊन लक्षावधी मुले धडधाकट वाढली, त्याचे काय? या शंकेवर उजेड पडला तो अनपेक्षित ठिकाणाहून. ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगरी भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच विकाराने दगावली होती. १९९६ साली त्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा तेथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आटविलेले दूध मुलांना दिले जाई असे आढळले, आणि रोग काही विशिष्ट कुळांत उतरत होता. म्हणजे भांडे आणि आनुवंशिक दुर्बलता दोन्ही मिळून रोग घडवीत. बेडलिंग्टन कुत्र्यात दुर्बलतेचा वाटा इतका मोठा की वेगळे भांडे लागतच नाही. एका शोधातून दुसरा निघाला असे मी म्हणत नाही. परंतु दोन्ही शेजारून चालले आणि सेनगावच्या एका कागदावर एकत्र आले.

वर कल्हईचा उल्लेख आला. हा शब्द आता विद्यार्थ्यांस समजावून सांगावा लागतो. कल्हईवाला गावात येऊन झाडाखाली भाता लावी. भांडे निखाऱ्यावर तापवून आत नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर निघे, कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील क्षणात सर्वत्र पसरी. काळवंडलेले पातेले चांदीसारखे होऊन बाहेर येई. मुलांना ही करमणूक होती. गृहिणीला मात्र तिचे प्रयोजन ठाऊक होते, आणि ते मराठी भाषेलाही ठाऊक होते. ‘कळकणे’ असे स्वतंत्र क्रियापद आपल्याकडे आहे : तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवलेले ताक, दही, आंबट वरण कळकते, म्हणजे धातूच्या संगाने बिघडते. ज्या समाजाने या क्रियेस नाव दिले त्याने ती पुरेशी पाहिलेली होती. पण कळकणे ही ओळख जिभेची आहे. आंबट पदार्थ हिरवट होतो, तोंडाला चव येते, तो फेकून दिला जातो. गोड दूध कळकल्याचे जिभेला समजत नाही. ज्ञान होते, पण ते नेमके जेथे हवे होते तेथे थांबले होते. त्यातच पुढे कथील महागले, स्टेनलेस स्टील आले, कल्हईवाल्याच्या फेऱ्या विरळ झाल्या. आणि ज्या घरांत स्टील उशिरा पोहोचले त्या घरांत मधली काही वर्षे पितळ राहिले व कल्हई गेली. ही वर्षे इतिहासाने वेगळी मोजावयास हवीत असे मला वाटते.

आत्याच्या घरी ती वर्षे कोणती होती, हे मला योगायोगाने कळले. पथ्याचा कागद वाचून दाखवीत असता मी शेवटच्या वाक्यापाशी आलो तेव्हा तिने प्रथम हरकत घेतली. तांब्याचे पाणी तर औषध, ती स्वतः रोज सकाळी पिते. त्यात तिची चूक नाही. रात्रभर तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या साध्या पाण्यात उतरणारे तांबे सामान्यतः जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या आत राहते आणि निरोगी माणसाचे यकृत ते सहज बाहेर टाकते. दूध-ताकाची गोष्ट निराळी आणि बिघडलेल्या यकृताची त्याहून निराळी, हे मी सांगितले. ओघाने पुण्याच्या मुलांविषयीही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तव्हा हे कुणीच कसं सांगितलं नाही रे?”

तिचा पहिला मुलगा १९६८ साली दीड वर्षाचा होऊन गेला. ती बाळंतपणानंतर मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली होती व तिसऱ्या महिन्यापासून बाळाला घरच्या म्हशीचे दूध चालू झाले होते. पोट फुगले, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी ‘लिव्हर’ म्हणून सांगितले. घरात एवढेच बोलले जाई, आणि ते क्वचितच.

इतिहासकाराने अशा ठिकाणी दोन्ही हात आवरले पाहिजेत. त्या मुलाचे यकृत कोणी तपासले नाही. लहान मुलास कावीळ होण्याची कारणे अनेक. भांड्यावरून मागे जाऊन निदान करणे हा पुराव्याचा गैरवापर होईल. परंतु तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते तारखांत आहे. १९६८ साली सेनगाव परभणी जिल्ह्यात होते. पण परभणीस किंवा पुण्यास, लंडनला किंवा मिनेसोटास, ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. कुत्र्याच्या यकृतातील तांबे १९७५ साली वाचले गेले, मुलाच्या यकृतातील १९७९ साली, भांड्यातले १९८३ साली. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालयदेखील १९७२ चे. सांगावयास कोणी नव्हते असे नाही. सांगण्यासारखे तेव्हा काही नव्हते. हे मी तिला सांगितले. त्याने तिचे समाधान झाले किंवा कसे, मला सांगता येणार नाही.

उरलेल्या दोन ओळी थोडक्यात. जस्ताची गोळी विल्सनच्या रोगावरील उपचारांतून आली. जस्तामुळे आतड्याच्या पेशींत तांबे धरून ठेवणारे एक प्रथिन वाढते, आणि त्या पेशी गळताना तांबे त्यांच्याबरोबर बाहेर जाते. १९९२ साली ब्रूअर यांनी सहा लहान टेरियर कुत्र्यांवर या उपायाचा वृत्तान्त दिला. पुण्याचा प्रतिबंधाचा वृत्तान्तही त्याच वर्षीचा. सहा ही संख्या अल्प आहे हे खरे, आणि कुत्र्यांच्या यकृतासाठी विकल्या जाणाऱ्या पूरक औषधांपैकी बहुतेकांच्या मागे तेवढाही पुरावा नाही. हळदीची बंदी मात्र सेनगावात कोणालाही खटकेल. हिंगोली जिल्हा हळदीचा. आत्याच्या शेतातही ती पिकते. भाजीतील चिमूटभर हळदीस कोणाची ना नाही. परंतु अर्क काढून, काहींत मिरे मिसळून केलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या १० व्यक्तींचा वृत्तान्त अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या अभ्यासगटाने अलीकडेच प्रसिद्ध केला आहे. पशुवैद्यांनी नेमका ‘गोळ्या’ हाच शब्द वापरला आहे, हे लक्षात घ्यावे.

निघताना मी आत्याला जुने दुधाचे पातेले आहे काय, असे विचारले. तिने ते माळ्यावरून काढविले. पितळेचे, सुमारे तीन शेरांचे. काठाखाली ठोकून नाव घातलेले : तिचे माहेरचे नाव, खाली ‘लग्नानिमित्त’ आणि सन १९६४. आपल्याकडील भांड्यांवरचे हे लेख कोणी वाचून ठेवीत नाही, याची खंत येथे नोंदवितो. आत बुडाशी व बाजूंना धातू पिवळा उघडा होता. कल्हईचा पांढरा पट्टा वरच्या कडेच्या आत, दूध जेथवर पोहोचत नाही तेथे, बोटभर शिल्लक होता. मोती आता भात व पनीर खातो, जिन्यावर चढतो. त्याचे वजन साडेपाच किलोंवर टिकून आहे. त्याला नवे स्टीलचे ताट आणले आहे. पातेले मोडीत देण्यास आत्या तयार नाही. तिने ते पुसून पुन्हा माळ्यावर ठेवले.